रे कोस्टेल्निकची शेवटची वजावट

२ मार्च, रविवार
आजपासून रेचा कर. म्हणजे उद्यापासून, पण ठरलं आज.
रे सप्टेंबरमध्ये गेला. आग विझवून स्टेशनवर परतलो, तो ट्रकच्या पायरीवर टेकला आणि उठलाच नाही. वीसेक वर्षं आम्ही एका पाळीत. दर मार्चात त्याच्या स्वयंपाकघरात बसून दोघांचे कर भरायचो. तो भरायचा, मी त्याच्या बायकोच्या हातच्या बटाटा भरलेल्या पिरोगी खायचो. पण बघून बघून सगळं येतं.
बायको म्हणजे डोलोरेस. फोनवर म्हणाली, लेन, त्याचं शेवटचं रिटर्न आहे, पैसे देऊन करून घेते. म्हटलं, वेडी आहेस का? मी असताना? वॉशिंग्टनवाले आम्हा फायरमनना करात काही सूट देत नाहीत, पण आपलं पेनसिल्वेनिया राज्य युनियनची वर्गणी, युनिफॉर्म, बूट, धुलाई, सगळं वजा करू देतं. पंधरा दिवसांत हातात ठेवतो.
ईस्टरनंतर ती ओहायोला मुलीकडे कायमची जाणार. त्याआधी तिला सगळं आटपायचंय.

७ मार्च, शुक्रवार
लेंटचा, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासांचा, पहिला शुक्रवार, मांस बंद. फायर हॉलमध्ये अख्ख्या गावासाठी मासे तळले. कराला हात लावायला वेळ कुठला?
बूट चावतात. रेचे आहेत. त्याचा दहा नंबर, माझा अकरा. कातडं वाळू नये म्हणून घालतो, दुसरं काही नाही. वस्तू परत द्यायची तर नीट द्यावी. कॅप्टन म्रॅझ म्हणाली, लंगडतोयस की. म्हटलं, गुडघा. ती म्हणाली, दोन्ही?

१६ मार्च, रविवार
धुलाईचा दिवस. तळघरात शर्ट पिळत होतो, तर कोपऱ्यातला माझा ड्युटीचा वायरलेस रेडिओ बोलला. दोनशे चौदा. दोनशे चौदा. हा रेचा नंबर. बॅटरी खराब असणार.
आमच्यातला कोणी गेला की दफनाच्या वेळी कंट्रोल रूम त्याचा नंबर रेडिओवर तीनदा पुकारते. कोणी उत्तर द्यायचं नसतं. उत्तर आलं नाही की नंबर बंद. रेच्या वेळी तिसऱ्या पुकाऱ्याला घामाने माझं बोट बटणावर घसरलं आणि ‘हजर’ असं सगळ्या दफनभूमीला ऐकू गेलं. निव्वळ अपघात. कोणी आजवर विषय काढला नाही. समजूतदार माणसं.
कर उद्या.

२८ मार्च, शुक्रवार
मासे. मग कर. फॉर्म जवळजवळ झाला! वर्गणी, धुलाई, बूट, सगळ्याच्या पावत्या जोडल्या. रे असता तर पाठीत धपका घातला असता.
फक्त नावाशेजारचा एक छोटा गोल भरायचाय. करदाता मृत असल्यास. पेन चालेना. दुसरंही चालेना. हल्ली पेनं कशी बनवतात कोण जाणे.
डोलोरेसचा फोन. कुठवर आलं? म्हटलं, झाल्यातच जमा.

११ एप्रिल, शुक्रवार
नवी पेनं आणली. गोलाच्या मानाने टोक फार जाड आहे.
रेडिओ पुन्हा तेच. बॅटऱ्या बदलल्या. मग काढूनच टाकल्या. तरी दोनशे चौदा. म्हणजे बॅटरीचा दोष नव्हता. एक शंका मिटली.
अंगावर काटा आला होता, पण तळघर थंडच आहे.

१४ एप्रिल, सोमवार
डोलोरेसकडे गेलो. निम्मं घर खोक्यांत. तिने चष्मा लावून फॉर्म वाचला. कौतुकाची वाट बघत बसलो.
ती म्हणाली, लेन, धुलाई डिसेंबरपर्यंत लावलीयस. म्हटलं, युनिफॉर्मची धुलाई नियमात बसते. म्हणाली, वर्गणीही डिसेंबरपर्यंत. म्हटलं, पावत्या आहेत, मी स्वतः भरलीय. ती म्हणाली, अरे बाबा, तो सप्टेंबरमध्ये गेला. ऑक्टोबरमध्ये कोणाचे कपडे धूत होतास?
सांगितलं की रेच्या शर्टाला धुराचा वास होता. पहिल्याच धुलाईत गेला होता. तरी दर रविवारी का धुतो, ते फॉर्मवर कुठे विचारलेलं नाही.
ती म्हणाली, हे माझ्या सहीने सरकारात जाणार होतं. मेलेल्या नवऱ्याच्या नावावर खोटी वजावट मागणारी बाई झाले असते मी. ऐकून मला लाज वाटली. खूप.
मग तिने शब्दकोडी सोडवायचं तिचं पेन माझ्यापुढे सरकवलं. म्हणाली, गोल तू भर. माझ्यापेक्षा जास्त वेळ तुझ्याबरोबरच असायचा मेला. म्हटलं, उद्या. म्हणाली, उद्या शेवटची तारीख. म्हटलं, म्हणूनच उद्या.

१५ एप्रिल, मंगळवार
सकाळी सप्टेंबरनंतरचं सगळं खोडलं. गोल भरला. पेन उत्तम चाललं. डोलोरेसने सही केली आणि पुष्कळ वेळ रडली. मीही.
शर्ट घडी करून टेबलावर ठेवला. निघताना ती म्हणाली, बूट? म्हटलं, कातडं वाळेल. म्हणाली, वाळू दे.
मोज्यांवर गाडी चालवत निघालो. पुलावर शेजारच्या सीटवरचा तो रेडिओ बोलला. दोनशे चौदा. दोनशे चौदा. दोनशे चौदा. हात स्टीअरिंगवरच ठेवले. मग रेडिओ बोलला नाही. पूल संपेपर्यंत वाट बघितली.
घरी पोचल्यावर आठवलं, माझं स्वतःचं रिटर्न उघडलेलंच नाही. मुदतवाढ मागता येते म्हणे. कशी मागतात माहीत नाही. ते सगळं रे बघायचा.