गंगूच्या मायचा दिवा

शनिवार, अवस. रात्रीचे साडेदहा.

झोप येईना. नात सुमी हैदराबादहून दोस्तांना घेऊन आली. कुठंतरी डबी लपवायची आन् रात्री मोबाईलच्या नकाशावरून शोधायची, असा त्यांचा खेळ. "आजोबा, भुताच्या जागा सांगा ना." मलाही चेव चढला. जुन्या विहिरीची गोष्ट सांगितली: अवसेला तिथं दिवा दिसतो, बुडालेली बाई लावते.

दिवा शेजारची गंगू लावते, हे मला ठाऊक. तिची माय पाणी शेंदताना घसरून त्याच विहिरीत बुडाली, हेही ठाऊक. मग काऊन सांगितलं? पोरं घाबरावीत म्हणून?

आज पोरं डबी घेऊन विहिरीवर गेली, तो दिवा दिसला आन् किंचाळत घरी पळाली. मागोमाग गंगू दारात, हातात त्यांची डबी.

"दादा, हे विहिरीवर राह्यलं पोरायचं. माह्या मायले भूत तुमीच बनवलं ना जी?"

शिव्या देती तर बरं होतं. ती पोरांना पाणी पाजून गेली. आन् पोरं घाबरली ती तिच्या एवढ्याशा पणतीला!

सुमीनं हळूच विचारलं, "आजोबा, त्यांच्या आईचं नाव काय होतं?"

इतकी वर्षं गोष्ट सांगून राह्यलो, आन् नाव आठवेना. उद्या गंगूला कोणत्या तोंडानं विचारू?