टाळूवरचा हात

सोम. ६ फेब्रु. २०१२
आज सरांनी डॉप्लर पहिल्यांदा एकटीला करू दिलं!! आर्वी, पाच महिने, जासईची. डोक्यात पाणी साठत होतं. तीन आठवड्यांपूर्वी ऑपरेशन करून नळी घातली, पाणी पोटात उतरायला. टाळूवर प्रोब ठेवून मेंदूतलं रक्त बघायचं. दोन ठोक्यांच्या मधे स्क्रीनवरची लाट पार तळाला. रक्त जवळजवळ थांबतंय.
आणि मी एक्साइट होऊन तिच्या आईसमोरच, "नळी बंद पडली वाटतं."
बावळट. ती पदर तोंडात कोंबून रडायला लागली.
सर: ॲडमिट करा. परवा परत ऑपरेशन.

बुध. ८ फेब्रु.
आर्वी हसतेय, उलटी नाही, दूध नीट. मग? ऑपरेशनआधी परत डॉप्लर. लाट तशीच तळाला. तिची आजी बाजूला उभी. म्हणाली, "गो पोरी, टालूत तेल भरताना आमी बी यवढा नाय दाबत. बोट टेकवाचा नुसता."
हात सैल सोडला. लाट वर आली. दाबला, खाली. सोडला, वर.
मीच दाबत होते. सोमवारी पण.
सरांना सांगितलं. ऑपरेशन थांबवलं. ओरडले नाहीत, तेच जास्त लागलं. "आईला तू सांगायचंस. मी नाही."
सांगितलं. ती : "म्हंजे दोन दिस आमी रडलो ते तुज्या हातामुलं?"
आजी : "ऱ्हाऊ दे गो. शिकली ना आता."

गुरु. ९
वाटलं सुटले. पण सर प्रिंटआउट घेऊन बसलेत. "जरा दाबल्यावर लाट एवढी पडते? आत जागा मोकळी असेल तर एवढी नाही पडत."
म्हणजे चूक माझी, पण त्या चुकीनेच काहीतरी दाखवलं? नळी अर्धवट चालतेय? की मी फारच जोरात... किती जोरात, कुठे मोजलंय! सोमवारपर्यंत थांबायचं. रोज डोक्याचा घेर घ्यायचा.

सोम. १३
घेर गुरुवारपेक्षा अर्धा सेंमी जास्त. परत घेतला. तेवढाच. सिस्टरला घ्यायला लावला. तेवढाच. डॉप्लर अगदी हलक्या हाताने. लाट बुधवारपेक्षा जराशी खाली. जराशीच.
आई : "आज दाबला नायस ना?"
"नाही."
"मंग बरी हाय ना ती?"
सर ऑपरेशन थिएटरमध्ये. म्हटलं, त्यांना येऊ दे. ती समोर बसून माझ्या तोंडाकडे बघतेय, म्हणून वहीत तोंड घालून हे लिहितेय.