तक्रार नसलेल्या वस्तीतले पाच नळ

तीर्थस्वरूप मामांस,

भाच्याचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा काय म्हणतो? मामींचा खोकला थांबला का? आम्ही सगळे मजेत आहोत, आणि मी तर सध्या जमिनीपासून चार बोटं वरून चालतो आहे.

झालं असं, की आमच्या पालिकेने ‘सर्वांना समान सुविधा’ असं धोरण केलं (साठ पानी, मुखपृष्ठ रंगीत) आणि ते अमलात आणायचं लोढणं माझ्या गळ्यात आलं. मी डोकं चालवलं. जिथून पाण्याच्या तक्रारी जास्त, तिथे नळ आधी! टेकडीमागच्या वस्तीतून वर्षभरात एकही तक्रार नव्हती. मला इतकं भरून आलं, की ‘समाधानी वस्ती’ असं प्रशस्तिपत्र चौकटीत बसवून मी स्वतः द्यायला गेलो (फोटोवाल्यासकट). पाहतो तर दीडशे घरांत एक नळ, आणि बादल्यांच्या रांगेत आमच्याच कार्यालयातल्या सफाईवाल्या मावशी. म्हणाल्या, “साहेब, तक्रारीची खिडकी दहा ते बारा. तेव्हा मी तुमचीच फरशी पुसत असते. या बाकीच्याही कुणाकुणाची पुसत असतात.” पाण्यापायी त्यांना उशीर व्हायचा आणि हजेरीपटावर लाल शेरा मारायचो मीच. आणखी तीन शेरे, की त्यांची नोकरी गेली असती. मामा, मला माझीच लाज वाटली. प्रशस्तिपत्र पाठीमागे लपवलं, तर फोटोवाल्याने नेमका तोच फोटो काढला.

मग मात्र मी चंग बांधला. तक्रारवही बगलेत मारून रोज सकाळी रांगेतच ठाण मांडलं आणि आठ दिवसांत तीनशे चाळीस तक्रारी लिहून घेतल्या. आमचे साहेब कपाळाला हात लावून म्हणाले, “अहो, तक्रारी कमी करायला सांगितल्या होत्या!” पण नियम माझाच, त्यांच्याच सहीचा. वस्ती यादीत पहिली आली आणि पाच नळ बसले. काल मावशी वेळेआधी दहा मिनिटं हजर होत्या (मी नव्हतो). इतक्या वर्षांच्या नोकरीत कागदाखेरीज काहीतरी हलवलं, याचा मला फार अभिमान वाटतो. तुम्हालाही वाटेल अशी आशा आहे.

तुमचा भाचा

ता. क. : पाणी आकाशातून आणलेलं नाही, तुमच्या कॉलनीच्या वाहिनीतून वळवलंय. त्यावर चारशे तक्रारी आल्या आहेत, सगळ्या एकाच अक्षरात. नियम तोच असल्यामुळे आता तुमचा भाग पहिला येतो. तेवढ्या मागे घ्या, पाया पडतो.

ता. क. दुसरा : मामींचा फोन आला होता. तुमची तासाभराची आंघोळ दहा मिनिटांवर आली म्हणून त्या भलत्याच खूश आहेत. वस्तीत आणखी एक नळ बसेल का, असं विचारत होत्या. उद्या बसवतोय.