हातोडा कपाटात

३ जानेवारी, सकाळ
आजपासून राग बंद. कायमचा. हातोडा कपाटात, कपाटाला कुलूप.
कारण: तरुण महिला अभियंत्यांच्या पुरस्कारासाठी आमची मुबश्शिरा शेवटच्या तिघींत! बोटीवर जाळं ओढायचा विंच पोरीनं स्वतः बनवलाय. दोरात हात आला की आपोआप थांबतो. डिग्री कणकवलीची, पण खरं कॉलेज म्हणजे वेंगुर्ले बंदरावरचं माझं गॅरेज. फॉर्ममध्ये ‘कल्पना कशी सुचली?’ याच्यापुढे तिनं लिहिलंय, ‘अब्बांमुळे’. डोळे भरून आले, त्यामुळे पुढचं वाचता आलं नाही. भाषण लिहायला घेतलं.

५ जानेवारी
किल्ली सापडेना. पहारीनं कुलूप फोडून हातोडा काढला. खालिदच्या बोटीचं इंजिन सुरू होत नव्हतं. चार घाव. याला राग म्हणत नाहीत, उपचार म्हणतात. खालिद म्हणाला, “चाचा, हातोडो नको, पंप गेलो आसा.” पान्हा फेकला. नेम भिंतीवर होता, मध्ये त्याचा कान आला. तीन टाके.
पंपच गेला होता, पण तो मुद्दा वेगळा. उद्यापासून राग बंद.

८ जानेवारी
मुबश्शिरा तिच्या विंचच्या चाचणीला रोज अब्बास तांडेलला बोलावते. गेल्या वर्षी त्याच्या बोटीवरचा जुना विंच अडकला होता. त्याचा हात दोरात. मी फक्त एक घाव घातला आणि विंच सुरू झाला. म्हणजे माझं काम चोख. उजव्या हाताची बोटं गेली, ते त्याचं नशीब. तो काही बोलला नाही, मीही विषय काढला नाही.
पण मी जिवंत असताना चाचणीला तो कशाला? स्टुलाला लाथ मारली. अंगठा सुजलाय.

१२ जानेवारी, दुपार
सगळं संपलं. परीक्षक जेटीवर आले. पोरीनं दोरात हात घातला, विंच थांबला. शाबास! पण मग सुरूच होईना. ती शांत उभी. माझं रक्त खवळलं. “अब्बा, हात लावू नको,” म्हणाली, पण बापाला कसं राहवेल? सतरा घाव घातले. सतराव्याला दांडा तुटून हातोड्याचं डोकं माझ्या कपाळावर. विंच ढिम्म. एक परीक्षक धरायला आला, त्याला ढकललं, तो थेट बांगडा मासळीच्या टोपलीत.
मुबश्शिरा रडली नाही. वहीत काहीतरी लिहीत होती. धक्का बसला असणार. पुरस्कार गेला. दोष दांड्याचा.

१ फेब्रुवारी, संध्याकाळ
पुरस्कार मिळाला!
कणकवलीत समारंभ. नवी शेरवानी, कपाळाला पट्टी, खिशात चार पानांचं भाषण. पडद्यावर फोटो माझाच, हातोडा उगारलेला. निवेदिकेनं वाचलं: थांबलेला विंच हात बाहेर निघून किल्ली फिरवल्याशिवाय सुरू होत नाही, कोणी कितीही घाव घातले तरी. परीक्षकांसमक्ष सतरा घावांची चाचणी झाली. हॉल हसला.
मुबश्शिरा हसली नाही. माइकवर म्हणाली, “अब्बांच्या हातून परत कोणाची बोटं जाऊ नयेत, म्हणून बनवला.” विंचची किल्ली त्या दिवशी तिच्याच खिशात होती.
ट्रॉफी तिनं अब्बासच्या हातून घेतली. मग तो खाली माझ्याकडे आला, उजवा हात पुढे केला. “कपाळ बरा आसा मां, मुझफ्फर?”
मी हात धरला. तीनच बोटं उरलेली. वर्षभर रोज बघतोय, मोजली आज.
भाषण खिशातून काढलं, चारही पानं चाळली. माफीचं एक अक्षर त्यात नव्हतं. नुसता हात धरून उभा राहिलो.