अण्णांच्या गाडीला ब्रेक लागले, त्याची हकिगत

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (अगदी शब्दशः साष्टांग. कंबर धरल्यामुळे सध्या दवाखान्यातून आलो की मी पलंगावर पालथा असतो आणि हे पत्रही तसंच लिहितोय. अक्षर बघून तुला माझं प्रगतिपुस्तक आठवेल, त्याला माझा इलाज नाही.) तुझा गुडघा कसा आहे? भावोजींना मी करून दिलेली कवळी नीट बसते ना? घोरताना वाजते अशी तुझी तक्रार होती, पण ताई, दंतवैद्य म्हणून सांगतो, त्यात कवळीचा दोष नाही, भावोजींचा आहे. इकडे आम्ही सगळे खुशाल, म्हणजे जिवंत आहोत. अण्णा तर जरा जास्तच खुशाल आहेत.

टपालपेटीच्या प्रकरणानंतर तू फोनवर जो निकाल दिलास, तो माझ्या कानात अजून घुमतोय. "मी सुट्टीत येईन तेव्हा एक तर त्या खटाऱ्याचे ब्रेक बदललेले असतील, नाहीतर किल्ली माझ्या पर्समध्ये असेल," असं तू म्हणालीस आणि फोन ठेवलास. बोलायला सोपं आहे ग. आई गेल्यापासून अण्णांचं जे काही चाललंय ते त्या गाडीवरच चाललंय. सकाळी उठायचं, दाढी करायची, इस्त्रीचा शर्ट घालायचा, एक चक्कर मारून यायचं आणि मग तासभर फडक्याने तिला पुसत बसायचं. किल्ली काढून घेतली तर हा माणूस खुर्चीत बसेल आणि परत उठायचा नाही, हे तुलाही कळतं आणि मलाही. म्हणून म्हटलं, किल्ली राहू दे, ब्रेकच बदलू. तेव्हा कंबर कसली, ती आता ही अशी सुटली आहे.

त्या गाडीचे जुने ब्रेक तुला आठवत असतीलच. (आपण दोघं दोन सीटच्या मागच्या फटीत सामानासारखे कोंबलेले असायचो आणि तू माझ्या पायावर बसायचीस. मी विसरलेलो नाही.) चारही चाकांना ड्रमचे ब्रेक. ते दाबणं म्हणजे कोर्टात अर्ज करणं. अर्ज दाखल व्हायचा, त्यावर विचार व्हायचा आणि यथावकाश गाडी थांबायची. अण्णांची उभी हयात न्यायाधीश म्हणून गेलेली, त्यांना त्यात काही गैर वाटत नसे. न्हाव्याच्या दुकानाशी थांबायचं असेल तर ते औषधांच्या दुकानापासूनच ब्रेकवर उभे राहायचे. सगळ्या रस्त्याला ते अंगवळणी पडलं होतं. लाल गाडी दिसली की पोरं आपोआप फुटपाथवर चढायची, कुत्री उठायची. बिचाऱ्या टपालपेटीला तेवढं उठता आलं नाही.

अण्णांना पटवायला मी किती लोणी लावलं ते विचारू नकोस. मूळ गाडीत फेरफार करणं हा त्यांच्या मते पुराव्याशी छेडछाड करण्याचा प्रकार आहे. शेवटी तुझं नाव घेतलं तेव्हा ते नरमले (या घरात तुला कोण घाबरत नाही?), पण अट घातली की काम इथेच, त्यांच्या डोळ्यांदेखत व्हायला हवं. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने गाडीला एक प्रदक्षिणा घातली, अण्णांकडे पाहिलं आणि हात जोडले. म्हणाला, एखादा नट तुटला तर साहेब मला आत टाकतील. साहेब निवृत्त होऊन जमाना झाला असं मी सांगितलं, पण त्याची खात्री पटेना. तेव्हा मी छाती पुढे काढून म्हणालो की मी करतो, रोज लोकांच्या तोंडात याहून बारीक काम करतो. हे वाक्य आमची ही आता उठताबसता मला ऐकवते.

सामानाचं खोकं आलं. पुढच्या दोन चाकांसाठी दोन चकचकीत डिस्क, त्यांना चिमट्यात धरणारे दोन कॅलिपर, आणि पायाचा जोर वाढवणारा एक काळा डबा. पहिल्या दिवशी जुने ड्रम निघाले, निघताना माझी कातडीही निघाली. दुसऱ्या दिवशी कॅलिपर बसले तर वरून चाक बसेना, ते कॅलिपरला घासायला लागलं. आता भरलेला दात उंच झाला तर आम्ही काय करतो? घासतो. मी दवाखान्यातून घासायचं मशीन आणलं, गॉगल लावला आणि कॅलिपरला भिडणार एवढ्यात हिने खोक्याच्या तळातून, थर्मोकोलच्या खालून, दोन जाड चकत्या काढून माझ्यापुढे धरल्या. चाक थोडं बाहेर सरकवायला त्या दिलेल्याच होत्या. मी मशीन गुपचूप परत नेलं.

यानंतरची गोष्ट तू कुणाला सांगू नकोस, विशेषतः भावोजींना. त्या कॅलिपरना हवा बाहेर काढण्यासाठी एक बारीक तोटी असते. पाइपात हवा राहिली तर पेडल नुसतं लोण्यात गेल्यासारखं जातं, म्हणून एकाने पेडल दाबायचं आणि दुसऱ्याने खाली पडून ती तोटी उघडायची, की तेलाबरोबर हवा निघून जाते. खोक्यावर डावा आणि उजवा असं स्पष्ट छापलं होतं, पण तसं बसवलं की तोट्या वर येत होत्या. मला ते खटकलं. आमच्या शास्त्रात हिरडीत पू झाला की छेद सर्वांत खाली घेतात, म्हणजे घाण आपसूक वाहून जाते. म्हटलं कारखान्यातल्या कुणाला तरी एवढीही अक्कल नाही, आणि मोठ्या अभिमानाने दोन्ही कॅलिपर अदलाबदल करून तोट्या खाली आणल्या. मग ही पेडलवर आणि मी गाडीखाली. मी म्हणायचं दाब, तिने दाबायचं. मी म्हणायचं धर, तिने धरायचं. मी म्हणायचं सोड, आणि तिने विचारायचं की काय सोडू, संसार? दुपारभर हा कार्यक्रम चालला. तेल संपलं, आणखी आणलं, तेही माझ्या कानात गेलं, तरी पेडल जमिनीला टेकायचं ते टेकायचंच. अण्णा दारात खुर्ची टाकून हे सगळं पाहत होते. शेवटी मी काळाठिक्कर होऊन बाहेर आलो तेव्हा चष्मा पुसत म्हणाले, "आमच्या वेळी हवा वर जाते असं शिकवायचे. आता बदललं असेल."

ताई, मी कपाळाला हात लावला. (तेलाचा. तो डाग अजून आहे.) आधी का नाही सांगितलं म्हणून विचारलं, तर म्हणाले की दोन्ही बाजूंचं म्हणणं पुरतं ऐकून घ्यायची त्यांना सवय आहे. ही स्टिअरिंगवर डोकं टेकून इतकी हसली की हॉर्न वाजला असावा असं शेजारच्या काकू म्हणतात.

तर कॅलिपर पुन्हा सुलट झाले, तोट्या वर गेल्या, हवा निघाली आणि पेडल दगडासारखं घट्ट झालं. गॅरेजवाल्याने येऊन, अण्णा आत गेलेत याची खात्री करून, सगळे नट तपासले आणि मान डोलावली. मग अण्णा आणि मी फेरी मारायला निघालो. अण्णांनी सवयीप्रमाणे औषधांच्या दुकानापासून ब्रेकवर पाय दिला. म्हणजे जो पाय इतकी वर्षं जुन्या ड्रमशी कुस्ती खेळून तयार झालाय, तो पाय, सगळ्या ताकदीनिशी. गाडी तिथल्या तिथे खिळली. औषधवाल्याच्या हातातली बाटली सुटली. माझं तोंड डॅशबोर्डवर आपटलं आणि पुढचा दात गेला. दंतवैद्याचा पुढचा दात, ताई! पेशंट दार उघडतात, मी हसून या म्हणतो, ते दार लावून घेतात.

पण ते असो. काम फत्ते झालं आहे, गाडी जिथे थांबायला हवी तिथे थांबते, अण्णा मजेत आहेत आणि किल्ली त्यांच्या खिशात आहे. तेव्हा तू आता निश्चिंत राहा आणि गुडघा सांभाळ. भावोजींना आणि त्यांच्या कवळीला नमस्कार.

तुझा बोळका भाऊ

ता. क. वर काम फत्ते असं लिहिलंय, कारण तेव्हा अण्णा इथेच बसले होते. आता ते अंघोळीला गेलेत. अग, गाडी थांबत नाही हे माहीत होतं तोवर ते जपून चालवायचे. आता ती थांबते हे त्यांना कळलंय! काल त्यांनी एका मोटारसायकलवाल्याला मागे टाकलं आणि वर त्याच्याकडे बघून हात हलवला. न्हावी गिऱ्हाइकाला अर्ध्या दाढीवर सोडून बाहेर बघायला येतो. मागच्या चाकांनाही डिस्क बसवून दे म्हणून अण्णा माझ्या मागे लागलेत. तेव्हा किल्ली काढून घ्यायचा तुझा निकाल आता पूर्वीपेक्षाही योग्य आहे, हे मी लेखी देतो. फक्त ते काम माझ्याच्याने व्हायचं नाही. तूच ये.

ता. क. २. अंघोळ अजून चालू आहे, म्हणून एक सांगून टाकतो. दात डॅशबोर्डने गेला नाही. घरात सगळ्यांना मी तसंच सांगितलंय. ब्रेक लागला त्या क्षणी अण्णांचा डावा हात स्टिअरिंग सोडून माझ्यापुढे आडवा आला आणि ते ओरडले, "अगं, सांभाळ!" मी वाकून त्यांच्या पायाकडे बघत होतो, त्यामुळे कोपर थेट दातावर बसलं. आपण काय बोललो ते त्यांना लगेच कळलं. मग त्यांनी तिथेच गाडी बंद केली. मला रडू आलं, दाताचं निमित्त बरं झालं. तर ताई, तू ये, पण किल्ली मागायच्या आधी एक दिवस सकाळी त्यांच्या शेजारी बस. हळू चालवा म्हणून सांगायचं ते तिथे बसून सांग, त्या सीटवरून आईने सांगितलेलं ते ऐकायचे. तू आईच्याच उंचीची आहेस. तो हात तुला लागणार नाही, बरोबर खांद्यापाशी येईल.