फंड काढल्यापासून

बाळ्या,

भाजी झाकून ठेवली आहे, गरम करून घे.

तुझी नोकरी गेली, घराचे हप्ते थकले, म्हणून मी निवृत्तीआधीच फंड काढून ते भरले. तेव्हापासून तू मला चुकवतोस. मी शाळेत गेलो की घरी येतोस. पातेल्यातली भाजी कमी दिसली की मी तुझी हजेरी लावतो.

गणित चुकलं की वर्गातली पोरं मागच्या बाकावर जाऊन बसतात. मी रागावत नाही, शेजारी जाऊन बसतो. पण तू कुठे जाऊन बसतोस तेच मला कळत नाही.

उद्या शाळेला सुट्टी आहे, मी घरीच असेन. काही विचारणार नाही. फंड आज ना उद्या संपणारच होता. एकट्याने जेवायची सवय मात्र मला लावू नकोस.

बाबा