लॅपटॉप निवडायला सुभेदार हवेत

मलकापूर, मंगळवार

आदरणीय सुभेदार नाथाजीसाहेबांस,

हुसेन टेलरचा मनापासून सलाम. तुमचा गुडघा, वहिनींची शुगर आणि बेंगळुरूची हवा, तिन्ही ताळ्यावर असावीत. इकडे सगळे मजेत आहेत. फक्त चार वाजता दुकानात दोन चहा येतात आणि दुसराही मलाच प्यावा लागतो. तुम्ही चिरंजीवांकडे गेलात त्याला दोन वर्षं झाली, पण चहावाल्याला एकच आण म्हणून अजून सांगवत नाही. (पित्त वाढलंय, ते वेगळंच.)

पत्रास कारण असं की, नात अरिबा साताऱ्याला इंजिनिअरिंगला लागली आणि तिला लॅपटॉप घ्यायचाय. कराडच्या दुकानातल्या पप्पूनं दोन समोर ठेवले. एक मोठा, साडेपंधरा इंची. दुसरा लहान, चौदा इंची. मी गळ्यातली टेप काढून मोठ्याच्या पडद्याची रुंदी मोजली, तर साडेतेरा भरली. चाळीस वर्षं लोकांची मापं घेतोय, मला इंच शिकवू नकोस, असं मी जरा मोठ्यानंच म्हणालो. माणसं जमली. पप्पू म्हणाला, "चाचा, स्क्रीन ह्या कोपऱ्यापास्नं त्या कोपऱ्यापत्तुर तिरकी मोजत्यात." मोजली, तर खरंच साडेपंधरा. (असं तिरकं मोजून मी तुमची विजार शिवली असती, तर तुम्ही मला कोयना पुलापर्यंत पळवलं असतंत.) अरिबा तर मी तिचा कुणीच नाही अशा थाटात पलीकडे माऊस बघत उभी राहिली. खात्री करायला मी सांगलीलाही जाऊन आलो. तिथल्या दुकानदारानं माझी टेप बघताच, मी काही विचारायच्या आत, पडदा तिरका मोजून दाखवला.

आता खरी अडचण. मोठ्यात पुढे मेमरी वाढवता येते, लहान्यात सगळं आतच डकवलेलं. म्हणजे एकाच्या शिवणीत पुढे उसवून वाढवायला माया सोडलीय, दुसऱ्याच्या नाही. वाढत्या पोरीला बिनमायेचा कपडा कोण शिवेल? पण मोठा दोन किलोंच्या वर भरतो आणि पोरगी एसटीनं उभ्यानं जाणार. तुम्ही फौजेत वीस वर्षं वायरलेस सांभाळलीत. असली यंत्रं पारखणारा आमच्यात दुसरा कोण आहे? चिरंजीव धैर्यशील म्हणेल, फोनवर नाव सांगून टाका. तसं भागणार नाही, वस्तू हातात घेऊनच बघायला हवी. तरी आठ-दहा दिवसांसाठी यावं.

तुमची फार आठवण येते, हेही जाता जाता लिहितो. कापड कापताना "टेलर, वाकडं चाललंय बगा" म्हणणारं कुणी नाही, त्यामुळे हल्ली जास्तच वाकडं जातं.

तुमचा,
हुसेन

ता. क. लॅपटॉप गेल्या जुम्म्यालाच आला. अरिबानं हे दोन्ही सोडून तिसराच, मोबाईलवरून पाच मिनिटांत मागवला. चांगला आहे म्हणते. मी मोजलेला नाही.

आणखी ता. क. मागे फोनवर तुम्ही म्हणालात, "यावं लय वाटतंय, पर पोराला कारण काय सांगू?" म्हणून हे लिहिलं. सहीखाली मी खडूनं रेघ मारली आहे. तिथून कागद फाडा आणि वरचा धैर्यशीलला वाचायला द्या.